८१ वर्षांच्या वडिलांसाठी साधी स्टिरिओ सिस्टिम घ्यायची आहे; काय बघावं?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं: "आवाज मोठा येतो, पण शब्द कळत नाहीत असं बाबा म्हणतात." बाकीचं सगळं, म्हणजे जुना डेक बंद पडलाय, सीडींचा ढीग आहे, थोड्या रेकॉर्डी आहेत, फार बटणं नकोत, किती वॅटची घ्यावी, हे त्यामानाने सोपं आहे.

आधी माझी फजिती ऐका. माझ्या मामांना गाण्याचं वेड. पंच्याहत्तरी उलटल्यावर त्यांचा जुना ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरना ताकद पुरवणारं यंत्र, गेला, तेव्हा मी मोठ्या हौसेनं वायरलेस स्पीकरची जोडी नेऊन दिली. मोबाइलमध्ये ॲप, ॲपमध्ये जगातलं सगळं संगीत. अर्धा तास बसून शिकवलं, कागदावर मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं. फोनवर विचारलं की म्हणायचे, "झकास चाललंय." सहा महिन्यांनी गेलो तर दोन्ही स्पीकरवर टॉवेल पांघरलेला. मध्ये कधीतरी ॲप अपडेट झालं होतं, त्यानं पुन्हा पासवर्ड मागितला होता आणि गाणं तिथेच थांबलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून बोलले नव्हते. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "अरे, यंत्र गुणी आहे रे. पण त्याला गाणं म्हणायला लावायचं तर आधी तुला फोन करावा लागतो."

तेव्हापासून मी एवढंच बघतो: घरात दुसरं कोणी नसताना, चष्मा सापडत नसताना, त्यांना गाणं लावता आणि बंद करता येईल का? यात जे यंत्र नापास, त्याचा आवाज कितीही गोड असो, ते मी घेत नाही. आवाजातला उन्नीस-बीस फरक त्यांना कदाचित कळणारही नाही. कुणालातरी हाक मारावी लागते हे मात्र रोज कळतं.

आता शब्दांचं. वय वाढतं तसं ऐकणं सगळीकडून सारखं कमी होत नाही, आधी वरचा बारीक आवाज जातो. तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक) ऐकू येतं. ऐंशीच्या घरात बहुतेकांना ४,००० हर्ट्झच्या वरचं बरंच पुसट झालेलं असतं. आ, ओ, ऊ हे स्वर मुख्यतः त्याच्या खाली राहतात, म्हणून चाल कळते, गायक ओळखू येतो, डोकंही डोलतं. पण स, श, फ, च ही व्यंजनं ज्या सुस्काऱ्यावरून ओळखायची, तो बराचसा २,००० ते ८,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो. तो गळला की 'साथ' काय आणि 'हात' काय, ऐकणाऱ्याला सारखंच. अशा वेळी नुसता आवाज वाढवला तर जे आधीच ऐकू येत होतं तेच अजून मोठं होतं, आणि खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. त्यात म्हाताऱ्या कानाची आणखी एक खोड: हळू असलं तर ऐकू येत नाही आणि जरा मोठं केलं की एकदम टोचतं. "अजून मोठं कर" आणि "अरे, केवढ्यानं!" ही दोन्ही वाक्यं एका मिनिटात येतात ती त्यामुळेच. ती लहर नव्हे.

यंत्र घेण्याआधी त्यांचे कान एकदा तपासून घ्या. कधी नुसता मळाचा बोळा असतो आणि तो काढल्यावर निम्मी तक्रार जाते. एका कानानं अचानक कमी ऐकू यायला लागलं असेल तर मात्र सिस्टिमचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यात उशीर चालत नाही.

वॅटच्या मागे लागू नका, तिथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. खोलीत बसून नेहमीच्या आवाजात गाणं ऐकताना सरासरी एखादा वॅटसुद्धा लागत नाही. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबल वाढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल इतका. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे २५ ते ५० वॅटचा साधा ॲम्प्लिफायर घरच्या खोलीला भरपूर झाला. खोक्यावर छापलेला हजारांचा आकडा दिसला तर तो न वाचताच पुढे सरका.

त्यापेक्षा स्पीकर जवळ आणा. खुर्चीपासून ४ मीटरवर असलेले स्पीकर २ मीटरवर आणले तर थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं वाढतो. चौपट वॅटचं काम, तेही फुकट. शिवाय लांबून येणाऱ्या आवाजात भिंतींवरून आपटून आलेला आवाज मिसळतो आणि शब्दांच्या कडा बुजतात. जवळून थेट आवाज जास्त पोचतो आणि शब्द सुटे होतात. मामांच्या घरी मी नव्या स्पीकरनं जे साधलं नसतं ते खुर्ची हलवून साधलं. दोन स्पीकर आणि खुर्ची मिळून साधारण समभुज त्रिकोण होऊ द्या. स्पीकरमधली बारीक आवाज काढणारी छोटी वाटी, म्हणजे ट्वीटर, बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवी. बारीक आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, त्यामुळे कपाटाच्या डोक्यावर ठेवलेल्या स्पीकरमधले 'स' आणि 'श' तुमच्या बाबांच्या डोक्यावरून निघून जातात. आणि स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका. कोपरा बेस, म्हणजे खालचा जाड आवाज, फुगवतो, जो आपल्याला नेमका नको आहे. नुसत्या बेससाठी असतो तो वेगळा स्पीकर, सबवूफर, तोही नकोच.

मग घ्यायचं काय? माझ्या मते दोनच गोष्टी: सीडी प्लेअर आतच असलेला एक आटोपशीर रिसीव्हर, म्हणजे ॲम्प्लिफायर आणि रेडिओ एकाच खोक्यात, आणि त्याला साध्या तांब्याच्या वायरीनं जोडायचे दोन बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावतील असे छोटे, स्पीकर. ज्यांच्या पोटातच ॲम्प्लिफायर असतो ते ॲक्टिव्ह स्पीकर दिसायला सुटसुटीत, पण त्यांचं बटण बहुतेक वेळा पाठीमागे असतं. शिवाय बरेचसे काही मिनिटं शांतता झाली की आपोआप झोपी जातात. आपल्याला ती सोय वाटते, त्यांना वाटतं बिघडलं. असलेच घ्यायचे तर ही झोप बंद करता येते का ते आधी विचारा.

रिसीव्हरवर आवाजाचं बटण मोठं, गोल आणि हातानं फिरवायचं असावं. स्पर्शानं चालणारी गुळगुळीत काच नको. कोरड्या किंवा थरथरत्या बोटाला ती दाद देत नाही आणि चुकून कोपर लागलं तर लगेच देते. ट्रेबल (वरचा बारीक आवाज) आणि बेस यांची वेगवेगळी बटणं हवीतच. काही महागड्या यंत्रांवर ती मुद्दाम ठेवलेली नसतात, आवाज 'शुद्ध' राहावा म्हणून. हौशी लोक त्याचं कौतुक करतात, करू देत. तुमच्या बाबांना बेस थोडा उतरवायचा आहे आणि ट्रेबल चढवायचा आहे, आणि हे दुसऱ्या कोणी नाही, त्यांनी स्वतः खुर्चीत बसून ठरवायचं. तुमच्या कानाला ते कर्कश वाटेल. तुम्ही ऐकणार नाही आहात.

एक कान दुसऱ्यापेक्षा कमजोर असेल तर डाव्या-उजव्या स्पीकरचा आवाज कमी-जास्त करणारं बॅलन्सचं बटण बघा. आणि 'मोनो' असा खटका मिळाला तर सोन्याहून पिवळं. स्टिरिओ नवीन असतानाच्या कित्येक रेकॉर्डिंगमध्ये गायक पूर्ण एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. एका कानाच्या माणसानं हेडफोन लावला तर त्याला एकतर गाणं मिळतं किंवा साथ. मोनो केलं की सगळं दोन्हीकडे येतं.

'लाउडनेस' लिहिलेलं एखादं बटण दिसेल. हळू आवाजात कानाला बेस कमी जाणवतो, तो भरून काढायला ते असतं. शब्दांची तक्रार असलेल्या माणसासाठी ते बंदच ठेवा.

सीडीचा ट्रे सरकन बाहेर येणारा असावा, की वरून झाकण उघडणारा? हे तुम्ही ठरवू नका. बाबांना सोबत घेऊन जा, त्यांच्या नेहमीच्या ऐकण्यातली सीडी त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही दोन पावलं मागे उभे राहा. विक्रेत्यालाही गप्प बसायला सांगा. पाच मिनिटांत निकाल लागतो. मामांनी जे यंत्र पसंत केलं ते माझ्या यादीत तिसऱ्या क्रमांकाचं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, याचं बटण फिरवताना टक्-टक् कळतं.

ब्लूटूथ असलं तर असू द्या, तुम्ही भेटायला गेलात की फोनवरून काहीतरी ऐकवाल. पण त्यांचं रोजचं ऐकणं त्यावर टांगू नका. फोन दुसऱ्याच कशालातरी जोडला जातो, आणि त्यांच्या दृष्टीनं 'आज गाणं येत नाही' एवढंच होतं. नवीन गाणी द्यायची तर पेन ड्राइव्ह बरा, पण त्यात एका वेळी चार-पाच फोल्डरच भरा. मी उत्साहानं चार हजार गाणी भरून दिली होती. नको असलेल्या गाण्यांमधून पुढे पुढे जाता जाता मामा कंटाळून गेले. आता पेन ड्राइव्ह चार आहेत, चार रंगांचे, आणि कोणत्या रंगात काय आहे ते त्यांना पाठ आहे.

जोडून देताना लाल वायर लालला आणि काळी काळ्याला, दोन्ही स्पीकरना. एकीकडे उलटी झाली तर बिघाड होत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण बेस पातळ होतो आणि गायक मधोमध उभा राहायचा सोडून खोलीभर विरघळतो. शब्द कळत नसलेल्या माणसाला हे आणखी जड जातं. त्यानंतर चालू करायच्या बटणावर आणि आवाजाच्या खुणेवर बोटाला लागेल असा फुगीर स्टिकर चिकटवा. रिमोटवरची लागणारी तीन-चार बटणं उघडी ठेवून बाकीची जाड चिकटपट्टीनं झाकून टाका. दिसायला गबाळं दिसतं, पण चालतं.

बाबा श्रवणयंत्र वापरत असतील तर अजून एक. ही यंत्रं मुळात बोलण्यासाठी घडवलेली असतात. मोठा आवाज दाबणं, लहान वर उचलणं, शिट्टी वाजली तर ती मारून टाकणं ही त्यांची कामं. संगीतात हेच अंगलट येतं: बासरीचा किंवा व्हायोलिनचा लांब सूर त्यांना शिट्टी वाटतो आणि तो थरथरल्यासारखा ऐकू येतो. ज्यांनी यंत्र बसवलं त्या ऑडिओलॉजिस्टकडे संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागा. बऱ्याच यंत्रांत तो करून देता येतो. "माझे बाबा गाणी ऐकतात" हे सांगितल्याशिवाय कोणी आपणहून विचारेलच असं नाही.

जुना डेक लगेच भंगारात काढू नका. अनेकदा मेलेला असतो तो फक्त आतला रबरी पट्टा. वापरला नाही तरी तो काही वर्षांनी सैल पडतो किंवा चिकट होऊन वितळतो, आणि तो बदलता येतो. बटण फिरवताना खरखर येत असेल तर ते साफ करून घेता येतं. जुन्या स्पीकरमधल्या शंकूभोवतीची फोमची कडा कुजलेली असेल तर तीही नवी बसते. दुरुस्त झाला तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच मिटला, कारण त्याची बटणं त्यांच्या बोटांना पाठ आहेत.

राहता राहिल्या रेकॉर्डी, ज्या काढून टाकू का असं तुम्ही विचारलंय. आधी बघा त्या कोणत्या आहेत. १९४८ नंतर आलेल्या, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपी असतील तर साधा रेकॉर्ड प्लेअर चालेल. ७८ फेऱ्यांच्या जड, ठिसूळ तबकड्या असतील तर त्यांची खाच रुंद असते, त्यांना वेगळी सुई लागते, एलपीची सुई लावली तर नुसती खरखर. प्लेअरमधून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि सीडीचा सुमारे २ व्होल्टचा, म्हणून रिसीव्हरला 'फोनो' लिहिलेलं वेगळं तोंड हवं, नाहीतर प्लेअरच्या आत तो भाग असलेला घ्या. सुई अलगद उतरवणारी छोटी दांडी तर हवीच, आणि हात थरथरत असतील तर टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, आपोआप ठेवणारा, उचलणारा ऑटोमॅटिक प्लेअर बघा. तोही झेपत नसेल तर रेकॉर्ड तुम्ही लावा. मामांकडे आम्ही तसंच करतो. कव्हर मांडीवर घेऊन ते मागचा मजकूर भिंगातून वाचत बसतात आणि बाजू संपली की मला हाक मारतात. या हाकेला माझी हरकत नाही.