जाहिरात पोर्टलवर शोधा, अर्ज मात्र कंपनीकडे थेट करा

तुमचे दोन प्रश्न आहेत. दुसरा आधी घेतो, कारण तो तातडीचा आहे. तुम्ही स्टोअर्स आणि इन्व्हेंटरीचं काम करता, पोर्टलवर अर्ज टाकून टाकून कंटाळलात, कुणाचं उत्तर येत नाही, म्हणून 'चांगली साइट कुठली' असं विचारलंत. आणि आता व्हॉट्सॲपवर एका कन्सल्टंटने कॅनडातल्या गोदामात सुपरवायझरची नोकरी ऑफर लेटरसकट देऊ केली आहे आणि 'एलएमआयए फी' मागितली आहे; ती भरायची का, हा दुसरा प्रश्न. ते पैसे भरू नका. अर्धे नाहीत, हप्त्याने नाहीत, 'पहिल्या पगारात परत मिळतील' या बोलीवरही नाहीत.

एलएमआयए म्हणजे कॅनडातल्या मालकाला बाहेरून माणूस आणायचा असेल तर त्याने आधी तिथल्या सरकारकडून घ्यायची मंजुरी. अर्ज मालक करतो. प्रत्येक जागेमागे 1000 कॅनेडियन डॉलरची फी मालक भरतो, आणि ती कामगाराकडून वसूल करायला त्याला कायद्याने मनाई आहे. म्हणजे ही फी तुमच्याकडे मागितली गेली, तिथेच विषय संपला. तरी खात्री करायची असेल तर 'जॉब बँक' ही कॅनडा सरकारची नोकऱ्यांची साइट उघडा. एलएमआयए हवं असलेल्या मालकाला बहुतेक पदांची जाहिरात तिथे द्यावीच लागते. ज्या मालकांना मंजुरी मिळाली त्यांच्या याद्याही सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. एलएमआयए असलं की पीआरचे, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचे, जादा गुण मिळतात असंही तुम्हाला सांगितलं जाईल. कायम वास्तव्यासाठी गुणांवर निवड करणाऱ्या 'एक्सप्रेस एंट्री' या पद्धतीतले नोकरीच्या ऑफरचे ते गुण 25 मार्च 2025 पासून बंद झालेत. वर्क परमिट आणि बायोमेट्रिक्सची (बोटांचे ठसे, फोटो) फी मात्र साधारणपणे उमेदवाराचीच असते, पण ती सरकारच्या साइटवर, स्वतःच्या नावाने. कन्सल्टंटच्या वैयक्तिक खात्यात कधीच नाही.

आता ते ऑफर लेटर. मी भरतीचं काम बरीच वर्षं करतोय, अशी पत्रं माझ्याकडे तपासायला येत असतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. लोगो खरा, कंपनीही बहुतेक वेळा खरी, पत्ता खरा. खोटा असतो तो ईमेलचा पत्ता. '@' च्या पुढचा भाग अक्षरन् अक्षर वाचा. कंपनीच्या नावाला एक रेघ जोडून पुढे 'करिअर्स' किंवा 'एचआर' लावलेलं असतं, आणि तो डोमेन कधी नोंदवला हे 'हू-इज' शोधात पाहिलं तर जुन्या कंपनीचा डोमेन जेमतेम काही आठवड्यांचा निघतो. मग कंपनीची मूळ साइट स्वतः शोधून उघडा, पत्रातल्या लिंकवरून नको. तिथला फोन नंबर घ्या, एचआरला विचारा की या नावाने, या पदासाठी पत्र गेलंय का. पत्रावर छापलेल्या नंबरवर फोन केलात तर तोच माणूस उचलेल. आणखी एक गोष्ट: मुलाखत झाली का, आणि झाली तर कामाबद्दल काय विचारलं? गोदाम किती मोठं, शिफ्ट किती, कुठली सिस्टिम वापरतात, हाताखाली किती माणसं, यातलं काहीही न बोलता सुपरवायझर नेमणारा मालक मी तरी पाहिलेला नाही.

हे फक्त कॅनडाचं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या कराराचं तत्त्वच हे आहे की खासगी भरती एजन्सीने नोकरी शोधणाऱ्याकडून फी घ्यायची नाही, खर्च मालकाचा. सगळ्या देशांनी तो करार स्वीकारलेला नाही आणि काही ठिकाणी एजंटला ठरावीक मर्यादेत शुल्क घेता येतं. म्हणून आपल्या देशातली परवानाधारक एजंटांची सरकारी यादी बघायची. भारताची 'ई-मायग्रेट' या सरकारी साइटवर आहे, फिलिपाइन्सचं स्थलांतरित कामगारांचं स्वतंत्र खातं आहे, ते यादी देतं. ब्रिटनमध्ये केअर वर्करची, म्हणजे वृद्ध-आजारी माणसांची देखभाल करण्याची, नोकरी विकणारेही अजून फिरताहेत. 22 जुलै 2025 पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरती बंद आहे, तेव्हा तशी ऑफर आली तर पुढे काही तपासायचीही गरज नाही.

आणि एक कळकळीने सांगतो. थायलंडमध्ये 'डेटा एंट्री' किंवा 'कस्टमर सपोर्ट', तिकीट फुकट, टुरिस्ट व्हिसावर या, बाकी इथे आल्यावर बघू, असं कुणी म्हणालं तर अजिबात जाऊ नका. अशा जाहिरातींना भुलून गेलेल्या लोकांना सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेऊन कोंडतात, पासपोर्ट काढून घेतात आणि ऑनलाइन फसवणुकीची कामं मारहाण करून करायला लावतात. कंबोडियातही तेच. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिलेला अंदाज म्यानमारमध्ये किमान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसांचा होता. त्यांत शिकलेले, संगणक येणारे, इंग्रजी बोलणारे तरुण भरपूर आहेत. काम करायचा व्हिसा हातात नसताना देश सोडायचा नाही, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

आता पहिला प्रश्न. साइट कुठली, याने फार फरक पडत नाही. लिंक्डइन, इंडीड, देशातली जी काही मोठी पोर्टल्स असतील ती, सगळ्यांवर पुष्कळशा जाहिराती त्याच असतात, एकीकडून दुसरीकडे उचललेल्या, आणि कित्येक तर जागा भरल्यावरही तशाच पडून असतात. पोर्टलचा उपयोग कोण भरती करतंय हे कळण्यापुरता करा. जाहिरात दिसली की त्या कंपनीच्या करिअर पानावर जा, तीच जागा तिथे आहे का बघा, आणि तिथेच अर्ज करा. जागा जिवंत आहे की नाही ते कळतं, अर्ज थेट भरती करणाऱ्याच्या यादीत पडतो, आणि बनावट जाहिराती बहुतेक आपोआप गळतात, कारण कंपनीच्या साइटवर त्या नसतातच. बऱ्याच कंपन्यांची करिअर पानं ग्रीनहाउस, लीव्हर, वर्कडे अशा सिस्टिमवर चालतात. गूगलमध्ये 'साइट' हा शब्द इंग्रजीत, त्यापुढे कोलन (:) हे चिन्ह, मग त्या सिस्टिमचा पत्ता आणि अवतरणात पदाचं नाव, असं टाकून बघा. पोर्टलवर न आलेल्या जागाही सापडतात.

परदेशी अर्जांना उत्तर का येत नाही, याचं कारण बहुतेकदा तुमचा सीव्ही नसतोच. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: या देशात काम करायचा परवाना तुमच्याकडे आहे का, की स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठी कंपनीची हमी, लागेल? कंपनीला स्पॉन्सर करायचंच नसेल तर त्या उत्तरावर अर्ज माणसाच्या नजरेला पडण्याआधीच बाद होतो. तिथे खोटं 'हो' लिहू नका, ऑफरच्या टप्प्यावर ते उघड होतंच आणि त्या कंपनीचं दार कायमचं बंद होतं. त्यापेक्षा स्पॉन्सर करू शकणाऱ्यांची यादी आधी हातात घ्या. ब्रिटन सरकार परवानाधारक स्पॉन्सरची पूर्ण यादी ऑनलाइन ठेवतं. यादीत नाव आहे म्हणजे तुमच्याच पदाला स्पॉन्सर करतील असं नाही, पण यादीत नसलेल्या कंपनीवर वेळ घालवायचं कारण उरत नाही. जर्मनीचं 'मेक इट इन जर्मनी' हे सरकारी पोर्टल इंग्रजीतही आहे. आपली पदवी तिथे कशी धरली जाते ते 'अनाबिन' या डेटाबेसमध्ये पाहता येतं. जून 2024 पासून तिथे 'चान्सनकार्ट' मिळतं, म्हणजे अटींत बसलात तर वर्षभरापर्यंत तिथे राहून नोकरी शोधता येते आणि तोवर आठवड्याला 20 तास अर्धवेळ काम करता येतं. जर्मन थोडी येत असेल तर या वाटेचा नक्की विचार करा.

शोधताना 'स्टोअर कीपर' या एकाच नावावर थांबू नका. 'इन्व्हेंटरी कंट्रोलर', 'मटेरियल्स कोऑर्डिनेटर', 'वेअरहाउस ॲडमिनिस्ट्रेटर', ही तुमचीच कामं आहेत. कॅनडाच्या 'एनओसी' या व्यवसाय वर्गीकरणात तुमचं काम शोधलंत तर खाली त्याची वेगवेगळी नावं आणि रोजची कामं लिहिलेली सापडतात. व्हिसा अधिकारीही कार्डावरचा हुद्दा बघत नाही, ती कामं बघतो.

सीव्ही तुम्ही पाठवलात तो वाचला. दोन रकाने, तक्ते, रंगीत पट्ट्या काढून टाका. काही सिस्टिम्स रकाने एकमेकांत मिसळून वाचतात आणि तुमचा मागचा पगार कंपनीच्या नावात जाऊन बसतो. (पगार सीव्हीत लिहायचाही नसतो.) 'स्टोअरची संपूर्ण जबाबदारी सांभाळली' या ओळीतून मला काहीच कळत नाही. किती आयटमचा स्टॉक, सॅप या कंपनीच्या हिशेब-स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठल्या एंट्री स्वतः करता, सायकल काउंट (थोड्या थोड्या मालाची ठरावीक काळाने मोजणी) किती दिवसांनी, फरक किती यायचा आणि तो कसा कमी झाला, हे लिहा. देशातल्या अर्जांसाठीही हेच, कारण भरती करणारा डेटाबेसमध्ये 'सॅप', 'सायकल काउंट' असे शब्द टाकूनच माणसं शोधतो.

कन्सल्टंटला पासपोर्टची प्रत आधीच दिली असेल तर निदान आता बँकेचे तपशील आणि ओटीपी देऊ नका. काही रक्कम गेली असेल तर आजच बँकेला कळवा, पोलिसांच्या सायबर विभागात तक्रार करा, आणि चॅट डिलीट करू नका, पुरावा तोच आहे. ऑफर लेटर इथे दाखवायचं असेल तर पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख झाकून टाका, मी वाचून सांगतो.