कुशीवरचा जुना वण

अंबाजोगाई

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि रिपोर्ट मिळाले. अकरा वर्षांपूर्वी डावे मूत्रपिंड काढलेल्या तुझ्या रुग्णाच्या स्वादुपिंडात आता दोन गाठी दिसत आहेत आणि शस्त्रक्रिया करावी का, असे तू विचारले आहेस. त्याआधी केसपेपरवरचे ‘स्वादुपिंडाचा कर्करोग’ हे शब्द खोड. हा मूत्रपिंडाचाच कर्करोग असण्याची शक्यता मोठी आहे. तो कितीतरी वर्षे, कधी दहा-बारा वर्षेही, गप्प राहून स्वादुपिंडात उगवतो आणि मूळ स्वादुपिंडाच्या कर्करोगापेक्षा पुष्कळ संथ चालतो.

हे मी चूक करून शिकलो. केजकडच्या एका शेतकऱ्याच्या स्वादुपिंडाच्या शेपटीत, म्हणजे डावीकडच्या निमुळत्या टोकात, गाठ होती. रिपोर्ट वाचून मी घरच्यांना फारशी आशा नसल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेच्या तयारीत सिस्टरने त्याचे धोतर सैल केले, तेव्हा धोतराच्या गाठीखाली झाकलेला, कुशीवरून पोटाकडे आलेला लांब वण तिला दिसला. ‘मुतखड्याचं आपरेशन झालं होतं,’ असे तो म्हणाला, कारण घरच्यांनी त्याला तसेच सांगितले होते. त्याच्या पत्नीने पत्र्याच्या पेटीतून आणलेल्या पिवळ्या कागदावर मात्र मूत्रपिंडाच्या ‘क्लिअर सेल’ प्रकारच्या कर्करोगाचे निदान स्पष्ट लिहिलेले होते. माझ्या शब्दावर विसंबून त्या दोन दिवसांत मुलाने जमिनीचा सौदा बोलून ठेवला होता. त्या मुलाचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही. म्हणून रुग्णाची कूस स्वतः तपास आणि जुने कागद मागवून घे.

सीटीत धमनी टप्प्याच्या, म्हणजे कॉन्ट्रास्ट औषध धमन्यांत असतानाच्या, प्रतिमा नीट पाहा. या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असल्याने त्या टप्प्यात त्या उजळतात, पण न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींच्या) गाठी आणि स्वादुपिंडातली उपप्लीहा, म्हणजे प्लीहेचा जादा तुकडा, हेही तसेच उजळतात. न्यूरोएंडोक्राइन गाठी शोधणाऱ्या डोटाटेट स्कॅनवर विसंबू नकोस, कारण त्यावर मूत्रपिंडाच्या गाठीही चमकू शकतात. शंका असेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफीने सुईने गाठीचा तुकडा घेऊन त्यावर पॅक्स-८ची (मूत्रपिंडातून आलेली गाठ ओळखायला मदत करणाऱ्या प्रथिनाची) तपासणी करून घे.

शस्त्रक्रियेबद्दल माझे मत असे, की मूत्रपिंड काढल्यापासून गाठी दिसेपर्यंतचा काळ मोठा आहे, छाती, यकृत आणि हाडे स्वच्छ आहेत, सगळ्या गाठी एकाच वेळी निघू शकतात आणि माणूस धडधाकट आहे, या चारही गोष्टी जुळल्या तरच सुरी हातात घ्यावी. अशा निवडक रुग्णांतले निम्म्याहून अधिक पाच वर्षांपलीकडे जगल्याचे अनेक शल्यचिकित्सकांच्या अनुभवांतून दिसते. मात्र त्यात निवडीचा वाटा मोठा आहे. शस्त्रक्रिया आणि गोळ्या यांची यादृच्छिक चाचणीतून (रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून) तुलना झालेली नाही, आणि स्वादुपिंडात पसरलेला हा आजार सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, कॅबोझँटिनिब यांसारख्या गाठीच्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या गोळ्यांनाही चांगला प्रतिसाद देतो. गाठी लहान असतील आणि त्रास नसेल तर तीन महिन्यांनी पुन्हा सीटी करून वाढीचा वेग पाहणे, हाही उपचारच आहे.

शेपटीतली गाठ शेपटीसह काढता येते, स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या, म्हणजे उजवीकडच्या रुंद भागातल्या, गाठीला व्हिपल ही मोठी शस्त्रक्रिया लागते. लसीकाग्रंथी क्वचितच बाधित असतात, म्हणून त्यांच्या रुंद सफाईपेक्षा निरोगी स्वादुपिंड राखण्याकडे लक्ष दे आणि टेबलावरच सोनोग्राफी करून लपलेल्या गाठी शोध. येथे बाकीची ग्रंथी निरोगी, मऊ आणि नलिका बारीक असते, त्यामुळे स्वादुपिंडाचा शिवलेला सांधा गळण्याची भीती जास्त असते. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधले (पोटातून बाहेर काढलेल्या नळीतले) अमायलेज हे पाचकद्रव्य रक्तातल्या कमाल मर्यादेच्या तिप्पट झाले तर सावध हो. प्लीहा काढावी लागेलसे वाटले तर जंतुसंसर्ग टाळणाऱ्या लसी दोन आठवडे आधी दे. एकच मूत्रपिंड उरले आहे, तेव्हा कॉन्ट्रास्टपूर्वी आणि नंतर रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) पाहा. असली शस्त्रक्रिया जेथे आठवड्याला होते अशा ठिकाणीच करावी, त्यासाठी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत पाठवावे लागले तरी संकोच करू नकोस.

आता सर्वांत महत्त्वाचे. गाठी विखुरलेल्या असतील आणि संपूर्ण स्वादुपिंड काढायचे ठरले, तर त्याला जन्मभर इन्शुलिन आणि प्रत्येक जेवणासोबत पाचकरसाच्या कॅप्सूल घ्याव्या लागतील. साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन हे संप्रेरकही उरत नाही, म्हणून साखर अचानक खाली येते आणि ती वर आणणारी शरीरातली सोय गेलेली असते. हा मधुमेह नेहमीच्या मधुमेहासारखा नाही. तुझा रुग्ण दिवाळीनंतर ऊसतोडीला जातो, पालात राहतो, फडावर जेवणाची वेळ ठरलेली नसते आणि फ्रीज तर नाहीच. रात्री साखर उतरली तर ओळखणार कोण, साखरपाणी देणार कोण, हे त्याच्या पत्नीला समोर बसवून विचार. उत्तर पटणारे नसेल तर अर्धे स्वादुपिंड वाचवणारा मार्ग किंवा गोळ्या हाच त्याच्यासाठी योग्य उपचार, मग शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या कितीही शक्य असो.

सीटीच्या सीडीसोबत अकरा वर्षांपूर्वीची स्लाइडही पाठव. घरी नसेल, तर ज्या रुग्णालयात मूत्रपिंड काढले तेथील पॅथॉलॉजी विभागात पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) उरला आहे का, याची चौकशी सोमवारीच कर.

तुझा,
सर