क्रीटची लिरा शिकायला घेताय? मग आधी एवढंच करा

मनापासून अभिनंदन! ग्रीसमधल्या क्रीट बेटाचं बरंचसं संगीत या गजाने वाजवायच्या, तीन तारांच्या वाद्याभोवती फिरतं, त्यामुळे निवड उत्तमच आहे.

पहिली गोष्ट डाव्या हाताची. तार बोटाने खाली दाबायची नाही, नखाने बाजूने टेकवायची. आपली सारंगी जवळून पाहिली असेल तर हे लगेच कळेल. व्हायोलिनवरून आलेले बहुतेक जण इथेच अडखळतात: जोर लावतात, बोट दुखतं आणि सूर चढतो. नखं अगदी मुळापासून कापू नका. सुरुवातीला नख तारेवर घसरून किरकिर होईल, होऊ द्या. स्पर्श हलकाच ठेवा.

बाकी थोडक्यात:

- लिरा मांडीवर उभी धरा, गज तळवा वर ठेवून. तार बदलताना मनगटाची कसरत नको, वाद्यच किंचित फिरवा.
- तारा पंचमाच्या अंतराने लावतात: सोल, रे, ला (पाश्चात्त्य स्वर G, D, A). पहिले काही आठवडे मोकळ्या तारांवर लांब, संथ गज ओढा. कंटाळा येईल, तरी सोडू नका.
- पर्यटकांच्या दुकानातली शोभेची लिरा घेऊ नका. तिच्यावर सूर टिकत नाही.

पेंटोझालीसारख्या वेगवान नाचाची घाई नको, आधी त्याहून संथ असा सिर्तो हा नाच घ्या. आणि रोज हे लिरावादक ऐका: थानासिस स्कोर्दालोस, कोस्तास मुंदाकिस. सोबतच्या लाउतोची (साथीला छेडतात त्या तंतुवाद्याची) लय पायाने धरत ऐका. अलंकार, मुरक्या यांचं नंतर बघू.