म्हशीच्या कवितेत अलंकार किती?

प्रश्न : आमच्या शाळेच्या हस्तलिखितात ही कविता आहे. प्राणी बोलतात म्हणून सगळी चेतनगुणोक्तीच म्हणायची का? (एक शिक्षिका, सेलू, जि. परभणी)

डबक्यात बसली म्हैस, जणू डोंगरच काळा;
शिंकली अन् गोदावरीस पूर आला सोळा वेळा.
गाढव म्हणे, 'बाई, काय गोड तुमचा गळा!'
खुदकन हसले डबके, मिचकावून डोळा.

उत्तर : नाही. चेतनगुणोक्तीत निर्जीव वस्तू माणसासारखी वागते. गाढव मुळातच सजीव, त्यामुळे ते नुसते बोलले म्हणून हा अलंकार होत नाही. तो आहे शेवटच्या ओळीत, कारण हसते ते डबके.

पहिल्या ओळीत मुले हमखास 'उपमा' लिहितात. म्हैस उपमेय (जिची तुलना करायची ती), डोंगर उपमान (ज्याच्याशी तुलना करायची तो), काळेपणा साधारण धर्म (दोघांतला सारखा गुण), इथवर बरोबर. पण साम्यवाचक शब्द 'जणू' आहे, म्हणजे उपमेय हे जणू उपमानच अशी कल्पना, म्हणून ही उत्प्रेक्षा. 'डोंगरासारखी म्हैस' असते तर उपमा, 'म्हैस डोंगराहून काळी' असते तर व्यतिरेक, कारण तिथे उपमेय उपमानाहून वरचढ. एकाच म्हशीवर तिन्ही फळ्यावर लिहून दाखवा, घोटाळा मिटतो.

दुसरी ओळ सरळ अतिशयोक्ती. तिसरी खरी गंमतीची: वरून स्तुती, आतून टोमणा, म्हणजे व्याजस्तुती. हिला व्याजोक्ती म्हणू नका. तिथे खरे कारण लपवून भलतेच सांगितलेले असते. (आणि टोमणा मारतोय कोण, तर गाढव!) काळा-वेळा-गळा-डोळा हे यमक आहेच.