तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : रोजची गाडी, घाटातले ब्रेक आणि नवे टायर

प्रश्न : पुण्यात ऑफिसला ये-जा मिळून रोज 45 किलोमीटर होतात, तीही बहुतेक ट्रॅफिकमधून. वर्षातून दोनदा पाच जण आणि सामान घेऊन कोकणात जातो. घाटासाठी डिझेलच घ्या, असं सगळे सांगतात. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : डिझेल घेऊ नका. घाटात डिझेलची ताकद जाणवते हे खरं, पण तुमची गाडी वर्षाचे तीनशे दिवस सिग्नलला उभी असणार. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस 6 (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) डिझेल गाड्यांच्या धुराड्यात डीपीएफ नावाची जाळी असते. तिच्यात काजळी साठते आणि ती जाळायला आतलं तापमान 600 अंशांच्या आसपास जावं लागतं. त्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं. एका लयीत पंधरा-वीस मिनिटं गाडी पळाली तर काम होतं. ट्रॅफिकमध्ये ते मध्येच तुटतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या कडेने इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर दिसू लागलं, तर आनंद मानू नका. ऑइल पातळ झालेलं असतं आणि बेअरिंग त्यावरच चालत असतात.

तुमच्या धावेला कंपनीतून बसवलेली सीएनजी बसते. हिशेब असा. पेट्रोल 105 रुपये आणि शहरातलं ॲव्हरेज 15 धरलं, तर किलोमीटरला 7 रुपये. सीएनजी 92 रुपये किलो आणि ॲव्हरेज 23 धरलं, तर 4 रुपये. सीएनजी गाडीला 95 हजार जास्त मोजले, तर ते साधारण 32 हजार किलोमीटरमध्ये वसूल होतात. महिन्याला 25 दिवस धरले तर तुमची धाव 1,125 किलोमीटर, म्हणजे अडीच वर्षांच्या आतच. धाव महिन्याला 500 असती, तर पेट्रोलच घ्या म्हटलं असतं.

अडचण डिकीची आहे. 60 लिटरची टाकी आडवी बसली की दोन सुटकेससुद्धा मावत नाहीत. टाटाने 2023 मध्ये अल्ट्रोझला एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या देऊन डिकी मोकळी केली. आता इतरही काही गाड्यांत ही सोय मिळते. अशी गाडी पाहताना स्टेपनी कुठे आहे, की दिलेलीच नाही, हे शोरूममध्येच बघा. चढाला गाडी पेट्रोलवर घ्या, कारण सीएनजीवर दहा टक्क्यांच्या आसपास ताकद कमी पडते. पेट्रोलची टाकी पाव तरी भरलेली ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर कुरकुरू लागतात. दर तीन वर्षांनी सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावी लागते, तीही तारीख लक्षात ठेवा.

प्रश्न : आंबा घाट उतरताना जळका वास आला आणि ब्रेकचा पेडल खोल गेला. नंतर आपोआप ठीक झाला. लायनर नवे आहेत. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लायनरपेक्षा ब्रेक ऑइलवर संशय घ्या. ते हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही; ओल शिरल्यावर हाच आकडा 155 पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की पाइपमध्ये बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल खाली जातो. ऑइल थंड झालं की सगळं पूर्ववत, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. नुसतं वरून भर घातल्याने पाइपमधलं जुनं ऑइल तसंच राहतं.

दुसरं कारण पायात आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक वेळा दुसरा, कधी तिसरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग वाढला की एकदा नीट दाबा, वेग उतरवा आणि पाय पूर्ण काढा. एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी गाडी असेल, तर डी (ड्राइव्ह) सोडून मॅन्युअलमध्ये जा, नाहीतर ती उतारावर वरचा गिअर टाकते.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांसाठी एवढंच : गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनात इंधनाचा फवारा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र इंधन लागतं. इंजिन बंद करून उतरणं तर सरळसरळ जिवाशी खेळ आहे. दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो.

वास आलाच, तर सपाट जागी गाडी थांबवा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते.

प्रश्न : दोनच नवे टायर घ्यायचे आहेत. गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणून पुढे टाका, असं टायरवाला म्हणतो. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : मागे टाका. पावसात पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग कमी केला की स्टिअरिंग पुन्हा लागू होतं. मागचे घसरले तर गाडी गोल फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. पुढे जाणाऱ्या जुन्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरवर आली असेल तर तेही काढा. तुमच्याकडच्या पावसाला आम्ही 3 मिलिमीटरलाच काढू. घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. 2324 असेल तर टायर 2024 च्या तेविसाव्या आठवड्यातला. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिली आहे तेवढी, सकाळी टायर थंड असताना.