कथेतल्या पात्रांच्या तोंडी शिव्या लिहाव्यात की फुल्या माराव्यात?

तुमच्या कथेतला ट्रकचालक, त्याचा किन्नर (गाडीवरचा मदतनीस) आणि सोबतची मंडळी सर्रास शिव्या देतात. त्या जशाच्या तशा लिहायच्या की गाळायच्या, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते लिहा. फक्त खरी माणसं जेवढ्या देतात तेवढ्या नकोत.

बोलण्यात शिवी कानावरून निघून जाते, छापलेली मात्र डोळ्यांत भरते. पानभर त्याच आल्या की वाचक त्यांवरून नुसती नजर फिरवतो आणि खरोखर भडका उडतो तेव्हा तुमच्या हाती काही उरत नाही. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना बर्फगार पाण्यात हात बुडवायला लावले होते. शिवी घोकताना ते जास्त वेळ टिकले (२००९). पुढे २०११ मध्ये असंही दिसलं, की एरवी भरपूर शिव्या देणाऱ्यांना त्याचा फायदा कमी होतो. प्रयोग वेदनेचा होता, वाचनाचा नव्हे. पण कथेतही मला हेच जाणवतं.

म्हणून आधी ठरवा, शिवी कोण देत नाही. चौघांत एक जण कधीच देत नसेल, तर त्याच्या तोंडून एकदाच निघालेलं ‘भडव्या’ सगळा प्रसंग फिरवतं.

कोण कोणाला देतं, हे तर सर्वांत महत्त्वाचं. आजी नातवाला ‘रांडेच्या, आता आठवण झाली होय?’ म्हणते ते लाडानं. तेच संबोधन मालकानं किन्नराला वापरलं की तो मान खाली घालतो, आणि गाडी रस्त्याला लागल्यावर मालकाच्या सात पिढ्या उद्धरतो. त्याची गिळलेली शिवी लिहा. दिलेलीपेक्षा ती जास्त बोलते.

फुल्या मला पटत नाहीत. वाचक मनात शब्द पुरा करतोच, वर लेखक लाजला हेही त्याला कळतं. अमेरिकन लेखक नॉर्मन मेलरच्या १९४८ सालच्या युद्धकादंबरीत सैनिक मूळ शिवीऐवजी ‘फग’ म्हणतात. आज तो बदललेला शब्दच जास्त खटकतो. गाळायचीच असेल तर ‘त्यानं आईमाईवरून सुरुवात केली’ असं सरळ निवेदनात सांगून टाका.

जातीवरून दिलेल्या शिवीला मात्र यातलं काही लागू नाही. ती रंग भरण्यासाठी घालू नका. घातलीत तर जिला किंवा ज्याला ती ऐकावी लागली, त्या माणसाचं पुढे काय झालं तेही कथेत यायला हवं. तेवढी जागा नसेल तर तो संवादच काढा.