रोजच्या धावपळीत रोजनिशी कशी टिकवावी?

नोकरी आणि दोन मुलं सांभाळून रात्री हातात पेन धरायचं त्राण उरत नाही, दरवर्षीची डायरी संक्रांतीनंतर कोरीच राहते, असं तुम्ही लिहिलंय. मी बँकेत आहे, मार्चएंडला घरी पोचायलाच दहा वाजतात. तरी माझी रोजनिशी चालू आहे, कारण मी अगदी थोडं लिहिते.

माझ्या मते डायरी बंद पडते ती पानाच्या आकारामुळे. एका तारखेला अख्खं पान! दमलेल्या माणसाला ते बघूनच दडपण येतं, मग ‘उद्या निवांत लिहू’ सुरू होतं. म्हणून आधी जागा कमी करा. एक चारशे पानी रजिस्टर आणा. प्रत्येक पानावर एकेक तारीख टाका, साल टाकू नका. 29 फेब्रुवारी धरून 366 पानं लागतात. उरलेली औषधांच्या नावांना वगैरे उपयोगी पडतात. दरवर्षी त्या पानावरच्या चारच ओळी वापरायच्या आणि साल समासात लिहायचं. दुसऱ्या वर्षी लिहायला बसलात की गेल्या वर्षीचा तोच दिवस वरच्या ओळींत दिसतो. मला तरी रोज वही उघडावीशी वाटते ती त्यासाठी.

आता लिहायचं काय? घडलेलं लिहा. ‘आज फार दगदग झाली’ यातून वर्षभराने काहीच हाती लागत नाही. माझी गेल्या जूनमधली एक नोंद अशी आहे: ‘सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, पण घाई नाही म्हणाले. येताना त्यांनी रिक्षा थांबवून जांभळं घेतली. घर येईपर्यंत अर्धी संपली.’ त्या दिवशी मला काय वाटलं हे त्यात कुठेच नाही, पण वाचलं की पावसाची ती दुपार, त्यांची जांभळी झालेली जीभ, डॉक्टरांचं ऐकून दोघींचा हलका झालेला जीव, सगळं परत येतं. शिवाय पुढच्या वेळी ‘हे केव्हा सांगितलं होतं?’ असं डॉक्टरांनी विचारलं तर तारीख तयार असते.

छोट्या नोंदीला कमी लेखू नका. कारी गावच्या जेधे देशमुखांकडे सापडलेली शकावली, म्हणजे घटनांची सालवार यादी, लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. ती काही रोजनिशी नव्हे, पण तिच्यातही साल, तिथी आणि काय घडलं एवढंच असतं, बहुतेक नोंदी ओळ-दोन ओळींच्या. शिवाजी महाराजांचा जन्म शके 1551 च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 चा, हे ठरवताना तिच्यातल्या अशाच एका नोंदीचा मोठा आधार मिळाला.

वेळेचं म्हणाल तर वेगळा वेळ काढायला जाऊ नका. दुधाचा खाडा आणि सिलेंडर लावल्याची तारीख तुमच्याही घरी कॅलेंडरवर लिहिली जात असेलच. रजिस्टर त्याच कॅलेंडरखाली ठेवा आणि पेन बँकेच्या काउंटरवर असतं तसं दोरीने बांधून टाका, मुलं उचलून नेत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चार ओळी होतात. फोनवर लिहायला हरकत नाही, पण फोन हातात घेतला की आधी मेसेज दिसतात आणि लिहायचं राहून जातं, म्हणून मी कागदच सुचवेन.

एखादा दिवस चुकला तर तो कोराच सोडा. मागचे चार दिवस आठवून भरत बसलात की थकबाकी साठते आणि बहुतेकांची वही तिथेच बंद होते.

वही अशी उघड्यावर ठेवायची तर ती घरातलं कुणीही वाचणार, हे धरून चाला. मनातलं कडू, भांडणाचं, ऑफिसमधल्या त्रासाचं लिहायचं असेल तर दुसरी छोटी वही करा आणि ती कपाटात ठेवा. दोन्ही एकत्र झालं की लिहिताना हात आखडतो.